जिभेखालची बेटकुळी

दंड फुगवून 'बेटकुळी' दाखवण्याचा खेळ आपण सगळ्यांनीच लहानपणी खेळलाय. बेडकावरूनच नाव पडलेली एक गाठ वैद्यकशास्त्रातही आहे: रॅन्युला. लॅटिनमध्ये याचा अर्थ छोटी बेडकी. जिभेखाली एका बाजूला आलेली ही निळसर, मऊ गाठ बेडकाच्या फुगलेल्या गळ्यासारखी दिसते. सहसा दुखत नाही. सुईने फोडली की चिकट द्रव निघून ती सपाट होते, आणि बऱ्याचदा पुन्हा भरते. असं का होतं?

आपल्या तोंडात लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आणि शेकडो छोट्या ग्रंथी असतात. ओठ चावला गेला की छोट्या ग्रंथीची नळी फाटते, लाळ आजूबाजूच्या पेशींमध्ये झिरपते आणि तिथे फुगा तयार होतो. हा म्युकोसील. तो बहुधा खालच्या ओठावर येतो. हेच जिभेखालच्या ग्रंथीत घडलं की रॅन्युला होतो. खऱ्या सिस्टला आतून पेशींचं अस्तर असतं. या दोन्हींना बहुतेक वेळा ते नसतं. म्हणजे ही पिशवी नाही, गळतीचं डबकं आहे.

शिवाय जिभेखालची ग्रंथी आपण काही खात नसतानाही पाझरत राहते. त्यामुळे नुसता द्रव काढणं म्हणजे गळका नळ तसाच ठेवून खालची बादली रिकामी करणं.

कधीकधी ही लाळ तोंडाच्या तळाशी असलेल्या मायलोहायॉइड स्नायूतल्या फटीतून मानेत उतरते. मग तोंडात काहीच दिसत नाही, फक्त हनुवटीखाली सूज येते. इथे निदान चुकू शकतं. सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये जिभेखालच्या ग्रंथीकडे जाणारी द्रवाची 'शेपटी' दिसली, किंवा सुईने काढलेल्या द्रवात अमायलेज हे लाळेतलं विकर भरपूर सापडलं, तर उगम कळतो.

आता उपचार. ओठावरचा म्युकोसील काढताना त्याला लाळ पुरवणाऱ्या छोट्या ग्रंथीही काढतात. रॅन्युलासाठी गाठीचं छत कापून कडा शिवण्याची पद्धत सोपी, पण गाठ परतण्याची शक्यता बरीच. खात्रीचा उपाय म्हणजे जिभेखालची ती ग्रंथीच काढणं. गंमत म्हणजे सूज मानेत असली तरी ही शस्त्रक्रिया बहुतेकदा तोंडातूनच होते. गळती थांबली की डबकं आपोआप आटतं. उरलेल्या ग्रंथी लाळेची गरज भागवतात. जोखीम आहे ती शेजारून जाणाऱ्या जिभेच्या संवेदनेच्या नसेची आणि जबड्याखालच्या ग्रंथीच्या नळीची. ऑपरेशनपूर्वी सर्जनला याबद्दल जरूर विचारा.

एक सावधगिरी मात्र हवी. लाळग्रंथीचा कर्करोग क्वचित अशाच निरुपद्रवी फुग्याचं सोंग घेतो, म्हणून काढलेला भाग तपासणीला पाठवतात. गाठ कडक असेल, वरच्या ओठात किंवा टाळूवर असेल, किंवा दोन-तीन आठवड्यांत गेली नसेल, तर घरी सुई टोचू नका. डॉक्टरांना दाखवा.