मेक्सिकोचं दालचिनी-चॉकलेट: पाचवीच्या वर्गासाठी दोन तासिकांचा पाठ



मिरची, टोमॅटो, पेरू ही पिकं अमेरिका खंडातून आपल्याकडे आली, हे आपण वर्गात सांगतो. मुलं वहीत लिहून घेतात, परीक्षेत बरोबर उत्तर देतात आणि पुढच्या वर्गात जाईपर्यंत विसरून जातात. माहिती जिभेवर चव ठेवून गेली की ती सहसा विसरली जात नाही. म्हणून आज एक पदार्थ घेऊ या, मेक्सिकोतलं दालचिनी घातलेलं पिण्याचं चॉकलेट. यात परिसर अभ्यास आहे, गणित आहे, थोडं विज्ञानही आहे.

हे चॉकलेट वेगळं कसं?

चॉकलेट म्हटलं की आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर चकचकीत कागदातली वडी येते. पण चॉकलेट हजारो वर्षं प्यायलाच जात होतं. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले माया आणि अ‍ॅझटेक लोक कोकोच्या बिया आंबवून, वाळवून, भाजून दगडावर वाटत. त्या दगडाला तिथे 'मेताते' म्हणतात. आपल्या पाट्या-वरवंट्याचाच तो भाऊ, फक्त त्याला तीन पाय असतात आणि तो जरा उतरता असतो. वाटलेला गोळा पाण्यात कालवून, वरून धार धरून एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायचा, म्हणजे फेस येतो. फेस हाच त्या पेयाचा मान!

पुढे फेसासाठी 'मोलिनियो' नावाची लाकडी रवी आली. दांडा दोन तळहातांमध्ये धरून गरागरा फिरवायचा. वर्गात घरची ताकाची रवी दाखवली तर मुलांना एका क्षणात कळतं.

आजही ओआहाका शहरात गिरणीत कोको, दालचिनी, बदाम आणि साखर घेऊन आपल्या पसंतीच्या प्रमाणात दळून मिळतं. आपण मसाला कांडून आणतो, तसंच. तिथलं चॉकलेट जाडंभरडं असतं, दाताखाली साखरेचे कण लागतात.

कोणती वस्तू कुठून आली?

फळ्यावर जगाचा नकाशा लावा आणि पेल्यातली एकेक वस्तू तिच्या गावी पोचवा.

कोको: अमेरिका खंड.
मका: मेक्सिको.
दालचिनी: श्रीलंका.
ऊस: मूळचा न्यू गिनी भागातला. रसापासून दाणेदार साखर करण्याची विद्या भारतातली. 'शर्करा' या शब्दातूनच पुढे 'शुगर' आला.
दूध: गाय अमेरिकेत नव्हतीच, ती स्पॅनिश लोकांनी जहाजातून नेली.

आता मुलांना विचारा, "१५०० साली मेक्सिकोत दालचिनीचं चॉकलेट मिळालं असतं का?" थोडी चर्चा होऊ द्या. उत्तर 'नाही' असं आहे. तेव्हा त्यात मिरची, व्हॅनिला, कधी मध घालत. दालचिनी आणि साखर स्पॅनिश लोकांबरोबर तिथे गेली. म्हणजे आज आपण ज्याला 'अस्सल मेक्सिकन चव' म्हणतो, तिच्यात अर्धा वाटा आशियाचा आहे. आणि आपल्या 'अस्सल मराठी' ठेच्यातली मिरची मेक्सिकोकडची आहे! ती पोर्तुगीजांमार्फत भारतात आली. ही देवाणघेवाण मुलांनी स्वतः नकाशावर दोऱ्याने जोडावी.

बियांचा पैसा

कोकोच्या बिया मेक्सिकोत चलन म्हणून वापरत. त्लाश्काला इथलं १५४५ सालचं एक दरपत्रक उपलब्ध आहे. त्यातले काही भाव असे:

टर्की पक्ष्याची मादी: १०० बिया
टर्कीचं अंडं: ३ बिया
नुकताच तोडलेला अ‍ॅव्होकाडो: ३ बिया
पूर्ण पिकलेला अ‍ॅव्होकाडो: १ बी
मोठा टोमॅटो: १ बी
तामाल (मक्याच्या पिठाचा उकडलेला पदार्थ): १ बी

चिंचोके घ्या आणि वर्गात बाजार भरवा. दोन टोमॅटो, तीन तामाल आणि एक अंडं घेतलं तर किती बिया? (८) एका टर्कीच्या किमतीत किती अंडी येतील आणि किती बिया उरतील? (३३ अंडी, उरते १ बी) बाकी म्हणजे काय, हे इथे हातातच दिसतं. मग विचारा, पिकलेला अ‍ॅव्होकाडो स्वस्त का? बाजाराला जाणाऱ्या घरातली मुलं हे उत्तर सगळ्यांत आधी देतात. आणखी एक गंमत सांगा. लोक टरफलातला गर काढून त्यात माती भरून खोट्या बियाही खपवत असत.

दालचिनी ओळखू या

मुलांना घरून दालचिनीचा छोटा तुकडा आणायला सांगा. बहुतेक तुकडे जाड, कडक, एकाच थराचे निघतील. ती 'कॅशिया' जातीची साल. श्रीलंकेची दालचिनी पातळ असते, कागदाच्या सुरळीसारखे थरावर थर असतात आणि बोटांनी चुरडते. मेक्सिकोत हीच वापरतात, तिला 'कानेला' म्हणतात. ही जात आपल्या कोकणातही होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' ही तिचीच सुधारित जात. कॅशियामध्ये कुमारिन नावाचा घटक जास्त असतो, तो रोज भरपूर प्रमाणात पोटात जाणं यकृताला बरं नाही. आपल्या कृतीत ती अगदी थोडी लागते, त्यामुळे काळजी नको. निरीक्षण मात्र वहीत नोंदवून घ्या.

प्रत्यक्ष कृती

मक्याचं पीठ घातलेल्या या दाटसर पेयाला 'चाम्पुर्रादो' म्हणतात. मेक्सिकोत थंडीच्या दिवसांत, नाताळच्या सुमारास ते तामालबरोबर पितात.

२० मुलांसाठी (प्रत्येकी साधारण ५० मिली): पाणी १ लिटर, गूळ १०० ग्रॅम, बिनसाखरेची कोको पावडर ४० ग्रॅम, मक्याचं पीठ ५० ग्रॅम, दालचिनीचा बोटभर तुकडा, चिमूटभर मीठ.

१. एक वाटी पाणी बाजूला ठेवा. उरलेल्या पाण्यात दालचिनी घालून दहा मिनिटं उकळा.
२. गूळ घाला. तिथे 'पिलोन्सियो' वापरतात, तोही उसाचा गूळच. विरघळला की गाळून घ्या.
३. बाजूला ठेवलेल्या गार पाण्यात पीठ कालवा. कोको वेगळ्या भांड्यात थोड्या गरम पाण्यात घोटा. कोरडी पावडर एकदम टाकली तर गुठळ्या होतात.
४. दोन्ही ओतून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं सतत ढवळा. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळतात. आपलं पीठ तसं नसतं, म्हणून कच्चेपणा जाईपर्यंत शिजवायचं.
५. मीठ घाला, रवीने घुसळून फेस आणा. कोमट झाल्यावरच वाटा.

तुमच्या वर्गात ३२ मुलं असतील तर? एकाला गूळ ५ ग्रॅम, म्हणून ३२ जणांना १६० ग्रॅम. कोको ६४ ग्रॅम, पीठ ८० ग्रॅम, पाणी १ लिटर ६०० मिली. हे गणित मुलांनाच करू द्या.

शेगडीजवळ फक्त मोठी माणसं. मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांची संमती आधी घ्या. कुणाला मधुमेह किंवा एखाद्या पदार्थाची अ‍ॅलर्जी आहे का, हे नक्की विचारा. सामान शाळेने किंवा शिक्षकांनी आणावं. कोको पावडर घरून आणायला सांगितली तर काही घरांना ते जड जातं आणि मूल त्या दिवशी शाळेतच येत नाही.

जे टाळू नये

ही देवाणघेवाण बरोबरीच्या नात्याने झाली नाही, हेही पाचवीच्या मुलांना सोप्या शब्दांत सांगावं. १५२१ साली स्पॅनिश लोकांनी अ‍ॅझटेक राजधानी जिंकली. देवीच्या साथीने आणि युद्धाने असंख्य माणसं मेली. पुढे अमेरिकेतल्या उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून गुलाम करून आणलेले लोक राबले. गोड पेल्यामागची ही कडू गोष्ट गाळली तर आपण अर्धाच इतिहास शिकवतो.

दुसरी गोष्ट आपल्या वर्गातली. मधल्या सुट्टीत कुणाच्या डब्यावरून "ई, हे काय खातोस?" असं ऐकू येतंच. ज्याला चिडवलं ते मूल दुसऱ्या दिवसापासून डबा झाकून खातं, कधी उपाशी राहतं. उपदेशाने हे थांबत नाही. पण कडवट, दाट, अनोळखी पेल्याचा घोट सगळ्यांनी एकत्र घेतला की 'वेगळं' आणि 'वाईट' यांतला फरक मुलांना कळायला सुरुवात होते. म्हणून चव घेताना एकच नियम ठेवा. "आवडलं नाही" म्हणायला परवानगी, "छी" म्हणायला नाही.

पालकांनो, गृहपाठ तुमच्यासाठी आहे. आज रात्रीच्या जेवणातला एक पदार्थ निवडा आणि त्यातल्या प्रत्येक वस्तूचं मूळ गाव मुलाबरोबर शोधा. यादी शाळेत पाठवा, आपण ती नकाशावर लावू.