तलंगा अंड्यावर येण्यापूर्वी

तलंगांच्या तुऱ्यावर लाली दिसू लागली की काही कुक्कुटपालक लवकर अंडी मिळावीत म्हणून घाई करतात. ही घाई पुढे नडते. नवव्या आठवड्यापासून तलंगांना वाढीचे खाद्य द्यावे. त्यात प्रथिने सुमारे १६ टक्के व कॅल्शियम सुमारे १ टक्का असते. अंड्यावरील कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम ३ टक्क्यांहून अधिक असते. ते फार आधी सुरू केल्यास मूत्रपिंडांना अपाय होतो.

दर आठवड्याला काही तलंगांचे वजन घ्यावे. ते जातीच्या तक्त्याप्रमाणे भरत नसेल तर प्रकाश वाढवू नये. कमी वजनाच्या तलंगा अंड्यावर आल्यास अंडी लहान राहतात, अंडनलिका बाहेर येते व इतर कोंबड्या ती टोचतात.

वजन योग्य असल्यास अठराव्या आठवड्यापासून प्रकाश दर आठवड्याला अर्ध्या तासाने वाढवून एकूण १६ तासांवर न्यावा. लसीकरण, जंतनाशक व घरबदल ही कामे त्याआधीच उरकावीत. पहिली अंडी दिसताच शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा व खाद्य हळूहळू बदलावे.

अंडी पंधरा दिवस उशिरा मिळाली तरी चालेल. वर्षभराचे उत्पादन घटू देऊ नये.