डाख देण्याचें हत्यार : कोणत्या कामास कोणतें ?

हल्लीं शेतकऱ्याच्या घरीं डाख, म्हणजे सोल्डर, लावण्याचे प्रसंग वारंवार येतात. पितळी फवारणी पंपाची टाकी गळते, बॅटरीवरील पंपाची तार तुटते, कुंपणाच्या झटका यंत्रांतील सांधा सुटतो. पंचवीस वॅटचें विजेचें सोल्डरिंग आयर्न स्वस्त मिळत असल्यामुळें त्या एकावरच सर्व कामें भागविण्याची प्रवृत्ति दिसते. ती नुकसानकारक आहे, असें आमचें मत आहे.

ह्याचें कारण असें. कथील ६० व शिसें ४० भाग असलेला डाख सुमारें १९० अंश सेल्सिअसला पूर्ण वितळतो. परंतु केवळ डाख वितळून भागत नाहीं. ज्या धातूस तो लावावयाचा, तो धातुही तितकाच तापला पाहिजे. पितळेचा मोठा पत्रा उष्णता झपाट्यानें दूर नेतो. तेथें बारीक आयर्न कितीही वेळ धरलें तरी डाख गोळ्यासारखा वर बसतो आणि पंपांत दाब भरतांच सुटतो. चिमणीवर हंडा तापत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. महसुली दफ्तरांत जसा प्रत्येक नोंदीस वेगळा गांव-नमुना, तसें प्रत्येक सांध्यास वेगळें हत्यार.

(१) छापील सर्किट व बारीक तारा : २५ ते ४० वॅट, निमुळतें टोंक. दोन-तीन सेकंदांत काम उरकावें. अधिक वेळ धरल्यास तांब्याची पातळ पट्टी उखडते. राळ भरलेली डाखाची तार वापरावी. तेजाब येथें वर्ज्य; तें मागाहून तारा खातें.

(२) जाड तारा : ६० ते १०० वॅट, रुंद टोंक. मात्र स्टार्टरच्या स्क्रूखालीं जाणाऱ्या टोंकास डाख लावूं नये. दाबाखालीं तो हळूहळू चेपतो, सांधा सैल पडून तापतो. तेथें लग दाबूनच बसवावा.

(३) टाकी व पत्रा : कोळशावर तापविण्याचा तांब्याचा जड ठोकळा, अथवा १५० वॅटहून मोठें आयर्न. ठोकळ्याचें तापलेलें टोंक नवसागरावर घासून त्यास कथील चढवावें. सांध्याची जागा खरवडून चकचकीत करावी. औषधाची टाकी आधीं स्वच्छ धुवावी. राहिलेलें औषध तापल्यास विषारी वाफ निघते.

(४) गॅसची ज्योत : जाड नळ्यांसाठींच. पातळ पत्रा तिनें वाकतो व शेजारचे जुने सांधे उकलतात.

दोन गोष्टी कटाक्षानें पाळाव्या. दुधाच्या, ताकाच्या वा पिण्याच्या पाण्याच्या भांड्यास शिशाचा डाख लावूं नये. शिसें अन्नांत उतरतें व मुलांच्या मेंदूस कायमचा अपाय करतें. तेथें बिनशिशाचा डाख घ्यावा. तो अधिक उष्णतेनें वितळतो, म्हणून हत्यारही थोडें जोरदार असावें. दुसरें, पेट्रोलची टांकी रिकामी दिसली तरी घरीं डाखूं नये. आंतील वाफेचा स्फोट होतो.

घरोघरीं लहान आयर्न असावें. जड ठोकळा मात्र गांवांत सामायिक एक असला तरी पुरे. फवारणीच्या ऐन दिवसांत तालुक्याची खेप वांचेल.