रुग्णाशी नाते : …………

प्रश्न : आमच्या इमारतीत दोघी जणी बारा-तेरा वर्षं एकत्र राहतात. कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांचं नातं काय ते आम्हाला ठाऊक आहे, कुणी वावगं बोलत नाही. कोर्टानं हा गुन्हा नाही असं सांगितलंच आहे. मग लग्नाच्या हक्कासाठी एवढा वाद कशाला? सुखानं राहताहेत की! आणि आम्ही शेजाऱ्यांनी काही करण्यासारखं आहे का?
– सत्तरीतली एक वाचक, सांगली

उत्तर : काकू, तुमच्या इमारतीतल्या त्या दोघी नशीबवान आहेत. पण त्यांचं सुख सध्या शेजाऱ्यांच्या चांगुलपणावर उभं आहे, कायद्याच्या आधारावर नाही.

माझ्या ओळखीतल्या दोन पुरुषांची गोष्ट सांगतो. बावीस वर्षांचा संसार. एकाला रात्री छातीत दुखायला लागलं, दुसऱ्यानं त्याला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. काउंटरवर फॉर्म पुढे आला. त्यात एक रकाना होता, ‘रुग्णाशी नाते’. पेन हातात धरून तो बराच वेळ उभा राहिला आणि शेवटी त्यानं ‘मित्र’ लिहिलं. लगेच उत्तर आलं, “घरचं कुणीतरी बोलवा, सही लागेल.” आजाऱ्याची बहीण लातूरहून रात्रीच्या एसटीनं निघाली. ती सकाळी पोचेपर्यंत हा बाहेरच्या बाकावर, मांडीवर त्याची चप्पल आणि चष्मा घेऊन बसून होता. लग्नाचा हक्क कशाला, याचं उत्तर मला त्या बाकावर मिळालं.

6 सप्टेंबर 2018 च्या निकालानं कलम 377 चा धाक गेला. सज्ञान माणसांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. पण गुन्हा नसणं वेगळं आणि नातं मानलं जाणं वेगळं. विशेष विवाह कायदा 1954 चा. त्यात ‘कोणत्याही दोन व्यक्ती’ असे शब्द आहेत, पण वयाची अट मात्र पुरुषाला 21 आणि स्त्रीला 18 अशी घातली आहे. हा कायदा समलिंगी जोडप्यांनाही लागू करावा, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली. 17 ऑक्टोबर 2023 ला पाचही न्यायाधीशांनी सांगितलं, की लग्न हा मूलभूत हक्क नाही, कायदा बदलायचा तर संसदेनं बदलावा. नातं मान्य करणं हे सरकारचं कर्तव्य आहे का, यावर मात्र मतं फुटली आणि तीन विरुद्ध दोन असा निकाल लागला. हे कर्तव्य आहे असं म्हणणाऱ्या दोन न्यायाधीशांचं मत मला पटतं.

तेव्हापासून थोडं झालं आहे. 2024 मध्ये केंद्रानं कळवलं, की अशा जोडप्यांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. रेशन कार्डावरही एक कुटुंब धरावं. चांगलं झालं. पण काकू, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. नॉमिनीच्या हातात पैसे पडतात ते वारसांच्या वतीनं सांभाळायला. आणि मृत्युपत्र नसेल तर वारस कोण? वीस वर्षांत दारी न फिरकलेला पुतण्या वारसांच्या यादीत बसू शकतो, जिनं औषधपाणी केलं ती बसत नाही. राहतं घर नवऱ्यानं बायकोला बक्षीसपत्रानं द्यायचं तर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये. त्या दोघींपैकी एकीनं दुसरीला दिलं तर कायद्याच्या लेखी त्या परक्या, आणि शुल्क जवळपास विक्रीइतकं. अशा गोष्टी एकेक करून मागत बसायच्या, की ‘लग्न’ या एका शब्दात सगळ्या मिळाव्यात? वाद आहे तो एवढ्याचसाठी.

हे बाहेरून आलेलं खूळ आहे, असं तुमच्याही कानावर आलं असेल. पण रघुनाथ धोंडो कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात मराठी वाचक समलिंगी संबंधांविषयी प्रश्न विचारत होते, तेही 1930 च्या दशकात. त्या प्रश्नोत्तरांवर 1934 मध्ये खटला झाला. कर्व्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. खटला हरले, दंड झाला. पण विचारणारे होते, आपल्याच भाषेत.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. हो, करण्यासारखं आहे. त्या दोघींनी मृत्युपत्र केलं आहे का, हे ओळख असेल तर आडून नाही, सरळ विचारा. साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. केली तर बरी, कारण पुढे नातेवाईक हरकत घेऊ शकतात. मात्र दोन साक्षीदार लागतात. ज्यांना त्यातून काही मिळायचं नाही, असे असलेले बरे. त्यातली एक सही तुमची असू शकते, काकू, आणि दुसरी तुमच्या यजमानांची.