सायकलींच्या शर्यतींतील कनिष्ठ संघ

सायकल चालविणें आपणांपैकीं बहुतेकांस आठव्या-नवव्या वर्षींच साधतें. परंतु रस्त्यावरील सायकलींची शर्यत हा सांघिक खेळ आहे, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत येते. शेवटीं हार एकाच्याच गळ्यांत पडतो, तेव्हां पाहणाराचा असा समज व्हावा यांत नवल नाहीं. या शर्यतींत सतरा-अठरा वर्षांच्या स्पर्धकांस कनिष्ठ म्हणतात. त्यांचा संघ कसा घडवितात व त्यांत आईबापांनीं कोणता विचार करावा, हें येथें पाहूं.

प्रथम वाऱ्याचा हिशेब घ्या. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं २० किलोमीटरांचा वेग ४० केला, तर हा विरोध चौपट होतो, आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ति आठपट. मात्र पुढच्या सायकलीच्या मागें हातभर अंतरावर राहणारास हे श्रम पुष्कळच कमी, कित्येकदां चतुर्थांशाहूनहि अधिक कमी, पडतात. म्हणून संघांतील गडी आळीपाळीनें पुढें येऊन वारा अंगावर घेतात, आणि ज्याच्या पायांत अखेरची धांव आहे त्यास शेवटपर्यंत आडोशाला ठेवतात. पंक्चर झालें तर सोबती थांबून त्यास पुन्हां मेळ्यांत आणून सोडतात.

आतां अडचण पाहा. वेलोड्रोममध्यें, म्हणजे उतरत्या कडांच्या बंदिस्त वर्तुळावर, ‘टीम स्प्रिंट’ नांवाची शर्यत असते. पहिला गडी एक फेरी ओढून बाजूस होतो, दुसरा दुसरी ओढतो, आणि वेळ तिसऱ्याचा धरतात. पण पदक सर्वांस मिळतें. रस्त्यावर तसें नाहीं. शंभर किलोमीटर दुसऱ्यासाठीं वारा खाणाऱ्या मुलाचें नांव निकालांत चाळिसावें लागतें, आणि घरीं वडील विचारतात, “बाबा रे, मग एवढे पैसे कशाला घातले?” हा प्रश्न चुकीचा नाहीं, कारण सायकल, टायर व प्रवास यांचा खर्च बहुधा घरचाच असतो. माझ्या मतें, जो शिक्षक प्रत्येक मुलास वर्षांतून एकदां तरी पुढारी होण्याची पाळी देत नाहीं, त्याच्या हातीं मूल सोंपवूं नये.

दुसरी गोष्ट गिअरची. कनिष्ठांच्या सायकलीनें पॅडलच्या एका फेऱ्यांत ७.९३ मीटरांहून अधिक अंतर तोडूं नये, असा आंतरराष्ट्रीय नियम पुष्कळ वर्षें होता. मिनिटास ९० फेरे मारले, तर या मापानें ताशीं सुमारें ४३ किलोमीटर वेग मिळतो. ५० हवा असल्यास १०५ फेरे मारावे लागत. अर्थात् मुलांस जड गिअर रेटण्याऐवजीं पाय चपळ ठेवावे लागत व वाढत्या गुडघ्यांवर ताण कमी पडे. २०२३ पासून हें बंधन उठलें. नियम गेला तरी गुडघे तेच आहेत. शाळेच्या संघानें जुनेंच माप पाळावें, हें बरें.

आपल्या देशाचा सायकल-संघ १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत उतरला, तेव्हां त्यांत मुंबईच्या पारशी तरुणांचा भरणा होता. पुढच्याच वर्षीं कल्याणच्या लष्करी छावणीस उल्हासनगर हें नांव मिळालें. जागतिक पदक मात्र कनिष्ठांनींच प्रथम आणलें, आणि तेंहि वेलोड्रोमवर : २०१८ सालीं स्वित्झर्लंडमध्यें अंदमान-निकोबारच्या एसो अल्बान यानें रौप्यपदक मिळविलें, व २०१९ सालीं जर्मनींत तो, रोनाल्डो सिंग व त्यांचे सोबती यांनीं वर सांगितलेल्या टीम स्प्रिंटमध्यें सुवर्णपदक जिंकलें. रस्त्यावर तितकें यश आलें नाहीं. वर्तुळ बंद असतें. रस्ता मालमोटारींबरोबर वांटून घ्यावा लागतो.

महाराष्ट्रांत मुंबई-पुणें सायकल-शर्यत प्रसिद्ध आहे. तिची खरी कसोटी बोरघाटांत लागते. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत सुमारें ५०० मीटरांचा चढ आहे, आणि तो प्रथम चढणारास ‘घाटाचा राजा’ म्हणतात. चढावर वेग मंद, म्हणून वाऱ्याचा आडोसा फारसा उपयोगी पडत नाहीं. तेथें प्रत्येकास आपलेंच वजन ओढावें लागतें. आपल्या मुलांस हा घाट दूर नाहीं : अंबरनाथ, बदलापूर, कर्जत या वाटेनें त्याच्या पायथ्याशीं जातां येतें.

पण कॅम्प २ मधील गर्दींत प्रारंभ करणें वेडेपणाचें होईल. आरंभ शाळेच्या मैदानावरच करावा. दोघांनीं खांद्यास खांदा लावून सरळ रेषेंत चालवावें. पुढच्याचें चाक न पाहतां त्याच्या खांद्यावरून पुढें पाहावें. खड्डा दिसतांच हातानें खूण करावी. ब्रेक एकदम दाबूं नये. चालत्या सायकलीवरून वांकून जमिनीवरची पाण्याची बाटली उचलतां आली, म्हणजे तोल आला असें समजावें. हें साधल्यावर रविवारीं पहांटे, डोक्यावर शिरस्त्राण घालून, सहा-सातांची तुकडी बदलापूरच्या दिशेनें न्यावी. मागें मोटारसायकलवर कोणी वडीलधारा असावा, आणि रहदारी सुरू होण्यापूर्वीं सर्वांनीं घरीं परतावें.