फुटपाथवर पडलात? आधी फोटो काढा

प्रश्न : माझ्या सासूबाई (वय ६८) भाजी घेऊन येताना फुटपाथवरच्या सुटलेल्या पेव्हर ब्लॉकला पाय अडकून पडल्या. मनगट मोडलं, प्लेट बसवावी लागली. शेजारी म्हणतात, परदेशात असं झालं की लाखो मिळतात. आपल्याकडे काही मिळतं का, की 'जरा बघून चालायचं' एवढंच ऐकून घ्यायचं?
– एक सून, ठाणे

उत्तर : मिळू शकतं. परदेशातले लाख तूर्त बाजूला ठेवा, पण 'बघून चालायचं' म्हणून पालिकेला हात झटकता येत नाहीत. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा १९५१ साली कोसळून माणसं गेली, तेव्हा तिथल्या पालिकेचा बचाव असा, की बांधकाम आतून खिळखिळं झालंय हे आम्हाला वरून कसं कळणार? सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये हा बचाव फेटाळला. ज्याच्या ताब्यात वास्तू, त्यानेच तिची तपासणी करायची. उलट राजकोटला रस्त्याकडेचं झाड अंगावर पडून एक नोकरदार गेला, त्या प्रकरणात १९९७ मध्ये याच न्यायालयाने पालिकेला दोषी धरलं नाही. तेव्हा धोका पालिकेला ठाऊक होता, किंवा ठाऊक असायलाच हवा होता, हे दाखवण्याची तयारी ठेवायला हवी. तो ब्लॉक दोन महिने तसाच डुगडुगत असेल आणि सोसायटीतल्या कुणी प्रभाग कार्यालयात तक्रार केली असेल, तर त्या तक्रारीची पोच जपून ठेवा. वकिलाच्या दहा वाक्यांपेक्षा ती जड.

आता ताजी गोष्ट. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलच्या बळींसाठी थेट आकडेच ठरवून दिले : मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख, जखमींना दुखापतीच्या मानाने ५० हजार ते अडीच लाख. महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती हे दावे ठरवते. सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे, उशीर केला तर ९ टक्के व्याज, आणि दिलेली रक्कम दोषी ठेकेदार वा अधिकाऱ्याकडून वसूल करायची. माझ्या मते या निकालातला खरा दम या शेवटच्या अटीत आहे. खिशाला चाट बसल्याशिवाय आपल्याकडे डांबर हलत नाही.

सुटलेला पेव्हर ब्लॉक 'खड्डा' म्हणायचा का? पालिका इथेच अडवून बघेल. पण याच याचिकेत २०१५ पासून उच्च न्यायालय म्हणत आलं आहे, की सुस्थितीतले रस्ते आणि पदपथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्यामुळे समितीकडे अर्ज जरूर द्या. नाकारला तर लेखी कारण मागा आणि दिवाणी दाव्याची वाट मोकळी ठेवा.

मात्र बहुतेक दावे न्यायालयात नव्हे, कॅज्युअल्टीच्या टेबलावरच मरतात. दुखत असतं, पोलिसांची कटकट नको असते, आणि 'कशा पडलात?' या प्रश्नाला घरचं कुणीतरी 'घरीच, बाथरूममध्ये' असं सांगून मोकळं होतं. तेच केसपेपरवर उतरतं आणि पुढे दोन वर्षांनी समोरचा वकील तेवढंच एक वाक्य वाचून दाखवतो. सासूबाईंच्या कागदावर काय लिहिलंय ते आजच काढून बघा. जागेचा फोटो असा हवा, की ब्लॉकची उचललेली कड आणि मागच्या दुकानाची पाटी दोन्ही एका चौकटीत येतील. उद्या तिथे सिमेंट थापलं गेलं की फुटपाथ जन्मापासून सपाट होता असं म्हणायला पालिकावाले मोकळे. भाजीवाला साक्षीला येणार असेल तर त्याचं नाव-नंबर घ्या, पोलिसांकडे नोंद करून पंचनामा मागा.

दुसरा घोळ मालकीचा. रस्ता महापालिकेचा, सार्वजनिक बांधकाम खात्याचा की एमएमआरडीएचा, हे तिथे रोज चालणाऱ्यालाही ठाऊक नसतं. माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकून त्या पट्ट्याची कार्यादेशाची प्रत, ठेकेदाराचं नाव आणि दोषदायित्वाचा कालावधी मागा. कामातल्या दोषांची जबाबदारी ठेकेदारावर असते तो हा कालावधी; तो संपलेला नसेल तर ठेकेदारही सापडला. सासूबाई पडताना मोबाइलवर बोलत होत्या का, असाही प्रश्न येईल. बोलत असतील तर रक्कम घटू शकते, दावा आपोआप बुडत नाही.

पडल्या त्या मॉलमध्ये किंवा हॉटेलात असत्या तर वाट वेगळी : ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षं. रेल्वेचं आणखी निराळं. लोकलमधून पडून मृत्यू झाला तर रेल्वे दावा न्यायाधिकरणात ८ लाख ठरलेले आहेत, अर्ज वर्षाच्या आत. पण फलाटाच्या ओल्या फरशीवर घसरलात तर ही ठरीव रक्कम लागू होत नाही, कारण कायद्यात पडणं गाडीतून हवं.

पालिकेविरुद्धच्या दिवाणी दाव्याच्या मुदतीचा हिशेब घट्ट आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ खाली आधी एक महिन्याची लेखी नोटीस आणि दावा सहा महिन्यांच्या आत. म्हणजे नोटीस पाचव्या महिन्याच्या आत गेलेलीच बरी. वकिलाच्या फीची धास्ती असेल तर ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, त्यामुळे अर्ज सासूबाईंच्याच नावाने करा.