लस फुकट, मग बिल कशाचं?

अमेरिकेत बाळ दोन महिन्यांचं झालं, पहिलं मोठं लसीकरण पार पडलं की काही दिवसांत इन्शुरन्स कंपनीचा कागद येतो आणि घरात खळबळ उडते. बाळाला सुया टोचल्या दोन, तोंडात रोटाव्हायरसच्या लशीचे थेंब; कागदावर मात्र ओळीच ओळी. कारण साधं आहे. व्हॅक्सेलिस नावाची एकच सुई घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, पोलिओ, हिब आणि कावीळ ब अशा सहा आजारांवर चालते. लशीची किंमत एका ओळीत, टोचण्याची फी वेगळी. ती पहिल्या घटकाला ९०४६० या कोडखाली एकदा आणि उरलेल्या पाच घटकांना ९०४६१ खाली पाचदा. घाबरण्याआधी दोन जागा बघायच्या. वरच्या बाजूला ‘हे बिल नाही’ असं लिहिलेलं असतं, आणि शेवटच्या रकान्यात तुम्ही किती देणं लागता ते असतं. तिथे शून्य असेल तर कागद फाइलला लावा आणि चहा घ्या.

ते शून्य २०१०च्या अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टमुळे येतं. शिफारस केलेल्या लशींसाठी कोपे (दर भेटीला भरायची ठरावीक रक्कम) नाही, डिडक्टिबल (इन्शुरन्स पैसे देऊ लागण्याआधी खिशातून भरायची रक्कम) नाही. जास्त डिडक्टिबलच्या ज्या प्लॅनमध्ये बाकी सगळं आधी खिशातून भरावं लागतं, तिथेही नाही. दोन अटी आहेत: डॉक्टर नेटवर्कमधला हवा, आणि प्लॅन या कायद्याखाली येणारा हवा. काही जुने ‘ग्रँडफादर्ड’ प्लॅन आणि थोड्या मुदतीच्या स्वस्त पॉलिसी यातून सुटतात. भारतातून आलेल्यांना विकला जाणारा व्हिजिटर इन्शुरन्स तर बाळाच्या लशींच्या कामाचा नाहीच.

शून्य नसतं तर किती पडलं असतं, याचा अंदाज असावा. सीडीसी ही अमेरिकेची केंद्रीय आरोग्यसंस्था लशींच्या किमती जाहीर करते, सरकारी आणि खासगी अशा दोन रकान्यांत. खासगी रकान्यात गोवर-गालगुंड-रुबेलाचा एक डोस शंभर डॉलरच्या आसपास, न्यूमोकोकलचा अडीचशेच्या पुढे, आणि असे डोस बाळाला चार लागतात. आरएसव्ही या श्वसनाच्या विषाणूपासून वाचवणारं बेफोर्टस हे इंजेक्शन २०२३मध्ये बाजारात आलं तेव्हा एका डोसची किंमत ४९५ डॉलर होती. आईने गरोदरपणाच्या ३२ ते ३६ आठवड्यांत आरएसव्हीची लस घेतली असेल, तर बहुतेक बाळांना ते लागत नाही. हिवाळ्याच्या तोंडावर बाळंतपण असेल तर दोहोंपैकी काय करायचं ते आधीच ठरवा.

आता खरा खड्डा. आईचा इन्शुरन्स आहे म्हणजे बाळाचा आपोआप झाला, असं समजणारी कितीतरी जोडपी आहेत. नोकरीच्या प्लॅनमध्ये बाळाचं नाव घालायला कायद्याने किमान ३० दिवस मिळतात. त्या मुदतीत घातलं तर कव्हर थेट जन्मतारखेपासून धरलं जातं. चुकलं तर पुढच्या ओपन एनरोलमेंटपर्यंत, म्हणजे वार्षिक नोंदणीपर्यंत थांबा, आणि लशीच काय, हॉस्पिटलचं नवजात बाळाचं बिलही अंगावर घ्या. सोशल सिक्युरिटी नंबर आला नाही म्हणून थांबलो, ही सबब नेहमी ऐकू येते. नंबर मागाहून देता येतो, फॉर्म आधी भरा. बारसं बाराव्या दिवशी करा, एचआरचं काम त्याच्या आधी उरका. ३० दिवस हुकलेच तर सरकारी मार्केटप्लेसवर प्लॅन घ्यायला जन्मापासून ६० दिवस असतात, तेवढा एक आडमार्ग उरतो. आणि बाळाचं नाव दोघांच्याही प्लॅनमध्ये घातलं, तर आधी कोणाचा पैसे देणार? वर्षात ज्याचा वाढदिवस आधी येतो त्याचा. पत्रिका जुळवणाऱ्यांनीही हा नियम काढला नसता, पण तो खरा आहे.

दुसरी गळती दवाखान्यातच होते. वेल-व्हिजिट म्हणजे ठरलेली तपासणी, ती फुकट. तिथे तुम्ही सहज म्हणता, “डॉक्टर, याच्या मानेवर पुरळ आलंय, आणि कान पण ओढतो सारखा.” डॉक्टर कान बघतात, औषध लिहून देतात. आता त्याच भेटीत आजाराची वेगळी भेट झाली. ती २५ नंबरचा मॉडिफायर कोडला जोडून वेगळी आकारली जाते आणि तिला डिडक्टिबल लागू होतं. लबाडी नाही यात, नियमच तसा आहे. त्रास असेल तर विचाराच, बाळाच्या कानापेक्षा पैसे मोठे नाहीत. पण बिल कशाचं आलं हे कळू द्या, नाहीतर ‘लशीचे पैसे लावले’ म्हणून आपण उगाच फोनवर भांडत बसतो.

इन्शुरन्सच नसेल तर? १९८९ ते १९९१ या काळात अमेरिकेत गोवराची मोठी साथ आली. पंचावन्न हजारांवर रुग्ण झाले. त्यात पुष्कळ मुलं अशी होती, की डॉक्टरकडे जाऊनही त्यांना लस मिळालेली नव्हती. त्यातून १९९४मध्ये ‘व्हॅक्सीन्स फॉर चिल्ड्रन’ ही योजना सुरू झाली. १९ वर्षांखालचं, इन्शुरन्स नसलेलं किंवा मेडिकेडवर (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्यावर) असलेलं कोणतंही मूल तिच्यात बसतं. व्हिसा कोणता, हे विचारलं जात नाही. पीएचडी करणाऱ्याचं एफ-२वरचं मूलही बसतं. लस फुकट असते. टोचण्याची फी राज्याने ठरवलेल्या मर्यादेत, सुईमागे साधारण वीस-पंचवीस डॉलर लागू शकते. ती परवडत नाही म्हणून लस नाकारायची मुभा दवाखान्याला नाही. अमेरिकेत जन्मलेलं बाळ तर नागरिकच असतं. उत्पन्न कमी असेल तर त्याच्यासाठी मेडिकेड किंवा चिप या मुलांच्या सरकारी विम्याचा अर्ज करता येतो.

आता ‘कधी’चा प्रश्न. एका दिवशी इतक्या सुया नकोत, थोड्या लांबवू, असं वाटणारे आईबाप आपल्यातही आहेत. वाटणं समजू शकतं. हिशेब मात्र उलटा जातो. प्रत्येक जादा फेरी म्हणजे अर्ध्या दिवसाची रजा आणि कधीकधी जादा भेटीचे पैसे. काही लशी थांबतही नाहीत. रोटाव्हायरसचा पहिला डोस पंधरावा आठवडा पुरा होण्याआधीच द्यावा लागतो आणि शेवटचा आठ महिन्यांपर्यंत. तारीख गेली की संपलं. लस लांबवणाऱ्या कुटुंबांना काही दवाखाने सरळ दुसरा डॉक्टर बघायला सांगतात. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात, बाळ पोटात असतानाच बालरोगतज्ज्ञाची ओळखभेट घ्या. ती पुष्कळ ठिकाणी फुकट असते. मनातल्या सगळ्या शंका तिथेच विचारा. दोन महिन्यांच्या भेटीत रडतं बाळ मांडीवर असताना काही विचारणं होत नाही.

आणि घ्यायच्याच नाहीत असं ठरवलं तर? त्याचाही दर नोंदलेला आहे. २०१७मध्ये ओरेगनमध्ये लस न घेतलेल्या सहा वर्षांच्या एका मुलाला शेतावर खेळताना कपाळाला जखम झाली आणि धनुर्वात झाला. तो ५७ दिवस हॉस्पिटलमध्ये होता. हॉस्पिटलचं बिल ८ लाख ११ हजार ९२९ डॉलर, हवाई रुग्णवाहिका आणि नंतरचे उपचार सोडून. त्यानंतरही आईवडिलांनी पुढचा डोस नाकारला, असं सीडीसीच्या अहवालात आहे. २००८मध्ये सॅन डिएगोत गोवर पसरला तेव्हा संपर्कात आलेल्या ४८ मुलांना घरात बसावं लागलं. दर मुलामागे घरच्यांना सरासरी ७७५ डॉलरचा फटका बसला, आणि ही सगळी अजून लशीचं वय न झालेली बाळं होती. संपर्कानंतर साधारण २१ दिवस डे-केअरचं दार बंद, फी चालूच. २०२५मध्ये अमेरिकेत गोवराचे दोन हजारांहून अधिक रुग्ण झाले, त्यात पश्चिम टेक्सासच्या साथीतले ७६२. लस न घेतलेली दोन मुलं तिथे दगावली. शाळेचंही बघा: कॅलिफोर्नियात २०१६पासून आणि न्यूयॉर्कमध्ये २०१९पासून वैद्यकीय कारणाशिवाय सूट नाही. न्यू जर्सीत धार्मिक सूट मिळते, टेक्सासमध्ये ‘विवेका’च्या नावावर.

लशीचा गंभीर दुष्परिणाम क्वचित होतो, पण होऊ शकतो. त्यासाठी १९८८पासून भरपाईची केंद्रीय योजना आहे. लशीच्या किमतीतच एकेका आजारामागे ७५ सेंट कर असतो, त्यातून पैसे दिले जातात. लक्षण दिसल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा. वाजवी कारणाने केलेल्या अर्जाच्या वकिलाची फीसुद्धा योजनाच देते.

आपल्या घरांचा वेगळा खर्च म्हणजे भारताची वारी. उष्टावण किंवा जावळ पुण्यात, सोलापुरात करायचं म्हणून बाळ सहा-आठ महिन्यांचं असताना तिकिटं निघतात. ६ ते ११ महिन्यांच्या बाळाला परदेशी नेण्याआधी गोवर-गालगुंड-रुबेलाचा एक डोस द्यायचा असतो. तो पुढच्या दोन डोसांत धरला जात नाही, जादाचाच असतो. निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी घ्या आणि पैसे मिळतील का ते इन्शुरन्सला विचारा. टायफॉइडचं उलट आहे: अमेरिकेत इंजेक्शन दोन वर्षांनंतरच, तेही ‘प्रवासाची लस’ म्हणून अनेक प्लॅन नाकारतात, भारतात कॉन्जुगेट लस सहा महिन्यांपासून मिळते. तिकडे लस घेतली तर कार्डावर ब्रँड, बॅच आणि शिक्का हवा, आणि महिना अक्षरात लिहून घ्या. ०३/०५/२०२५ म्हणजे आपली ३ मे. इथली नर्स ५ मार्च वाचते. मग दोन डोसांतलं अंतर कमी भरतं आणि एक डोस बाद होतो.

भारतातून मुलं घेऊन येणाऱ्यांनी आणखी एक जाणावं. सरकारी दवाखान्यात नवव्या महिन्यात मिळते ती एमआर. तिच्यात गालगुंड नाही आणि ती पहिल्या वाढदिवसाआधीची, म्हणून इथल्या शाळेत चालत नाही. एप्रिल २०१६पासूनचे पोलिओचे थेंबही इथे मोजत नाहीत. कांजिण्यांची लस सरकारी यादीत नव्हतीच. पैसे जातात तसे दिवसही जातात, प्रवेश अडतो.

बाळंतपणाला येणाऱ्या आजी-आजोबांनी डांग्या खोकल्याचा टीडॅप डोस निघण्याच्या दोन आठवडे आधी भारतातच घ्यावा. इथे आल्यावर फार्मसीत खिशातून भरावा लागतो.

सध्या वेळापत्रकच हलतं आहे. डिसेंबर २०२५मध्ये जन्मावेळच्या कावीळ-बच्या डोसाची सरसकट शिफारस मागे घेतली गेली. जानेवारी २०२६मध्ये सीडीसीने रोटाव्हायरस, कावीळ अ, फ्लू या लशी ‘डॉक्टरांशी बोलून ठरवा’च्या यादीत टाकल्या. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स मात्र आपलं वेगळं वेळापत्रक चालवते, आणि बहुतेक बालरोगतज्ज्ञ तेच पाळतात. १ सप्टेंबर २०२५ला शिफारशीत असलेल्या लशींचे पैसे २०२६ अखेरपर्यंत देत राहू, असं इन्शुरन्स कंपन्यांच्या संघटनेने जाहीर केलं आहे. तेव्हा २०२७चा प्लॅन निवडताना लशींचे पैसे देणार का, हे लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

एवढं करूनही बिल आलंच तर लगेच भरू नका. इन्शुरन्सचा कागद आणि दवाखान्याचं बिल शेजारी ठेवून तारीख आणि रक्कम ताडून बघा. मग दवाखान्याच्या बिलिंगला फोन करून एवढंच विचारा: भेट ‘रुटीन’च्या कोडवर, म्हणजे झेड००.१२९वर गेली होती का, आणि बाळाचा मेंबर नंबर बरोबर होता का? जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात अनेकदा दावा आईच्या नावावर गेलेला असतो. दुरुस्त करून पुन्हा पाठवायला सांगा, बोलणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून घ्या, आणि तोपर्यंत खातं कलेक्शनला पाठवू नका असं स्पष्ट सांगा.